एसटीच्या मार्गांचा गुंता आणि पुढची वाट

प्रश्न : मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एसटीच्या मार्गांचं नेटवर्क गेफी या जाळ्यांची चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढलं, पण पडद्यावर नुसता गुंता दिसतो. डेटा व्हिज्युअलायझेशनमध्येच काम करायचंय. डी-थ्री (वेबपानावर चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकू की पॉवर बीआय (तयार आलेख आणि डॅशबोर्ड देणारं सॉफ्टवेअर)? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : हा गुंता सोडवता आला, तर मुलाखतीत सांगण्यासारखं तुझ्याकडे बरंच काही असेल. म्हणून आधी त्याबद्दल.

गेफीतली फोर्स-डायरेक्टेड मांडणी जोडलेल्या नोडना, म्हणजे जाळ्यातल्या बिंदूंना (इथे स्थानकांना), जवळ ओढते आणि बाकी सगळ्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. त्यात नोड डावीकडे आला की उजवीकडे, याला काही अर्थ नसतो. पण बसस्थानकाला नकाशावर स्वतःची जागा आहे, ती तू फेकून दिलीस! प्रश्न प्रवासाचा असेल तर स्थानकं नकाशावरच ठेव. कोणत्या दोन आगारांदरम्यान जास्त फेऱ्या आहेत हे दाखवायचं असेल, तर मॅट्रिक्स काढ : ओळींत आणि स्तंभांत तीच आगारं, चौकटीत फेऱ्यांची संख्या. रेषाच नाहीत, तर गुंता कसला? ओळींचा क्रम नीट लावलास की एकमेकांशी घट्ट जोडलेले गट ठसठशीत दिसतात.

विभाग, जिल्हा, तालुका अशी उतरंड असेल तर ट्रीमॅप बघ : मोठ्या चौकोनात लहान चौकोन, ज्याचा वाटा जास्त त्याचा चौकोन मोठा. मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांनी तो 1990च्या सुमारास शोधला, तो हार्ड डिस्क कशाने भरली हे पाहण्यासाठी. कोणाचा वाटा किती हे तो छान सांगतो. कोण कोणाच्या हाताखाली, हे मात्र फांद्यांचा साधा वृक्षच जास्त स्पष्ट दाखवतो. आणि 2011च्या जनगणनेचे आकडे घेतलेस, तर पालघर ठाण्यातच सापडेल. तो जिल्हा 2014चा आहे. अशी नोंद चित्राखाली करणारी मुलं मला फार थोडी भेटतात.

आता तुझा प्रश्न. आधी एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय, कारण पहिली नोकरी बहुधा डेटा अ‍ॅनालिस्टची असेल. ट्रीमॅप त्यात तयार मिळतो. सोबत पायथनमधली नेटवर्कएक्स ही जाळी तपासायची लायब्ररी आणि ग्राफ थिअरी, म्हणजे जाळ्यांचं गणित, सोडू नकोस; बँकांमधल्या फसवणुकीचा माग काढताना तेच लागतं. डी-थ्रीसाठी जावास्क्रिप्ट पक्की हवी, ते नोकरी लागल्यावरही शिकता येईल.

प्रोजेक्ट जमा करण्याआधी त्याच मार्गांचा नकाशा आणि मॅट्रिक्स शेजारी शेजारी ठेव आणि प्रत्येकाखाली लिही, हे चित्र कोणत्या प्रश्नासाठी काढलं.