पाम लिनक्सला जोडताना

प्रश्न : पाम एम५०५ हा हातात मावणारा संगणक क्रेडलमध्ये (संगणकाला जोडलेल्या स्टँडमध्ये) ठेवून हॉटसिंकचं, म्हणजे दोन्हीकडची माहिती जुळवण्याचं, बटण दाबतो. लिनक्सवरचा जे-पायलट हा सिंकचा प्रोग्राम काही क्षण थांबतो आणि पोर्ट सापडत नाही म्हणतो. केबल तर नवी आहे. काय करावं?

उत्तर : केबलला दोष देऊ नका. हॉटसिंक दाबेपर्यंत हे यंत्र यूएसबीवर दिसतच नाही. दाबल्यावर कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) ‘व्हायझर’ मोड्यूल त्याचा ताबा घेतं आणि टीटीवाययूएसबी० व टीटीवाययूएसबी१ अशी दोन पोर्ट तयार करतं. सिंक बहुधा दुसऱ्यावर चालतं, आणि नेमकी इथेच अनेकांची गल्लत होते. सिंक संपलं की दोन्ही पोर्ट नाहीशी होतात, त्यामुळे आधी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आमच्या मते सरळ लिबयूएसबीचा (कर्नलच्या मोड्यूलऐवजी थेट यूएसबीशी बोलणाऱ्या लायब्ररीचा) मार्ग धरा. पायलट-लिंक (पामशी बोलणारं सॉफ्टवेअर) ०.१२ किंवा पुढची आवृत्ती हवी. मॉडप्रोबच्या (कर्नलची मोड्यूल चढवणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये ‘व्हायझर’ ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे ते आपोआप चढणार नाही; नाहीतर ते मोड्यूल यंत्र अडवून ठेवतं. जे-पायलटमध्ये पोर्टच्या जागी ‘यूएसबी’ आणि पुढे विसर्गासारखा कोलन लिहा. फक्त रूटनेच (सर्वाधिकार असलेल्या खात्यानेच) सिंक होत असेल, तर परवानगीची अडचण आहे : विक्रेता क्रमांक ०८३० (पामचा यूएसबी क्रमांक) साठी यूडेव्हचा, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेचा, नियम लिहून आपल्या गटाला लिहिण्याचा हक्क द्या. मग आधी सिंक सुरू करा, नंतर क्रेडलचं बटण दाबा.

पहिल्यांदा सिंक नको, पायलट-लिंकमधल्या पायलट-एक्सफर या कमांडने पूर्ण बॅकअपच घ्या. एम५०५ची बॅटरी पार उतरली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं.