ठाण्याच्या खाडीतल्या अन्नसाखळीतून फिरणारी एनर्जी मोजायचीय ना?
फ्लेमिंगोंचे फोटो नंतर काढ रे, आधी ओहोटीला ऐरोलीच्या बाजूला तिवरांखाली नीट बघ. पिवळी पानं चिखलात पडतात, बॅक्टेरिया ती कुजवतात, खेकडे कुरतडतात, मग निवटे (चिखलातले मासे), बगळे असं पुढे पुढे जातं, म्हणजे इथे खूपशी एनर्जी कुजलेल्या पानातूनच फिरते आणि नवीन मुलं नेमकं तेच मोजत नाहीत. परिसंस्थांचा अभ्यासक हॉवर्ड ओडमचा फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्स या झऱ्यांवरचा १९५७ चा पेपर वाचच. तिथे दर चौरस मीटरला वर्षाला वनस्पतींनी २०,८१० किलोकॅलरी बांधल्या, शाकाहारींकडे ३,३६८, मांसाहारींकडे ३८३ आणि सगळ्यात वरच्यांकडे फक्त २१! आणि प्लीज, दहा टक्क्यांचा नियम (प्रत्येक पायरीवरून पुढच्या पायरीला साधारण दहा टक्केच एनर्जी जाते हा) सरसकट लावू नकोस, भागाकार कर, ओडमच्या या आकड्यांतच १६, ११ आणि साडेपाच टक्के येतात.