होळकर पुलाच्या खांबाभोवतीच्या प्रवाहात माझा मल्टिग्रिड सॉल्व्हर (बारीक ते जाड अशा अनेक जाळ्यांवर समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) रखडतो. वेग कसा वाढवू? (नाशिक, स्वतःचा कोड, के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल, भिंतीपासून पहिल्या पेशीचं एककरहित अंतर म्हणजे वाय-प्लस १)

व्ही-सायकलची (बारीक जाळीवरून जाड जाळीवर जाऊन परत येण्याच्या फेऱ्यांची) संख्या वाढवू नका, जाळीतल्या खांबालगतच्या पेशींसाठी स्मूदर किंवा जाळी जाड करण्याची पद्धत बदला. मल्टिग्रिडमध्ये स्मूदरने आखूड लहरींची चूक मारायची आणि उरलेली लांब लहरींची चूक जाड जाळीवर काढायची, अशी कामाची वाटणी असते. वाय-प्लस १ साठी भिंतीजवळच्या पेशी कागदासारख्या पातळ होतात, जाडीच्या शेकडो पट लांब. मग भिंतीला लंब दिशेची जोडणी इतकी प्रबळ होते की साधा गाउस-सायडेल (एकेक पेशी सुधारत जाणारा स्मूदर) भिंतीलगतच्या दिशेची चूक पुसतच नाही, आणि दोन्ही दिशांनी जाड केलेल्या जाळीला ती दिसतही नाही.

- जाळी फक्त लंब दिशेनेच जाड करा, नाहीतर लंब दिशेची अख्खी ओळ एकदम सोडवणारा स्मूदर घ्या. माझं मत दुसऱ्याला: त्या ओळीची ट्रायडायगोनल समीकरणं (प्रत्येक पेशी फक्त दोन शेजाऱ्यांशी जोडलेली) सोडवणं स्वस्त पडतं.
- के (खळबळीची ऊर्जा) आणि ओमेगा (ती विरण्याचा दर) फक्त बारीक जाळीवर सोडवा. त्यांतून येणारी टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी (खळबळीमुळे वाढलेला चिकटपणा) जाड जाळीवर नुसती उतरवून गोठवा. तिथे के ऋण झाला की सगळंच उडतं.
- मल्टिग्रिड नुसता न चालवता दाबाच्या समीकरणासाठी कॉन्ज्युगेट ग्रेडियंट या पुनरावर्ती पद्धतीचा प्रीकंडिशनर (तिचं काम सोपं करणारी पायरी) म्हणून लावा. हट्टी, एकट्यादुकट्या चुका त्याने सुटतात.

मात्र खांबामागे भोवरे आळीपाळीने सुटत असतील, तर स्थिर प्रवाहाच्या सॉल्व्हरचा रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली तफावत) एका पातळीला अडकणारच. तो मल्टिग्रिडचा दोष नव्हे, तिथे काळानुसार बदलणारं गणितच करावं लागेल.