रेंज फुल, नेट बंद: ३जी गेल्यानंतरचे वाचकांचे प्रश्न

मोबाइल कंपन्यांनी ३जी टप्प्याटप्प्याने बंद करून त्या लहरी ४जीकडे वळवल्या. २जी मात्र बहुतेक ठिकाणी अजून चालू आहे. मधली पायरी निघून गेल्यामुळे गोंधळ होतो. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ३जी बंद होणार असा मेसेज आला म्हणून दुकानात जाऊन ४जी सिम घेतले. फोनच्या खोक्यावरही ४जी लिहिले आहे. नेट चांगले चालते, पण कॉल सुरू झाला की लगेच थांबते. फोन लागायलाही आता वेळ जातो. सिम खराब दिले असेल का? (एक वाचक, बार्शी)

सिम बदलू नका, ते ठीक आहे. ४जीचे जाळे मुळात डेटासाठी बांधलेले आहे. त्यावरून आवाज नेण्याची सोय वेगळी असते, तिला व्होल्टी म्हणतात. ती बंद असेल तर कॉलपुरता फोन ४जी सोडून खालच्या जाळ्यावर उतरतो. आधी तो ३जीवर उतरायचा आणि तिथे बोलताना नेटही चालायचे, म्हणून हा दोष कधी जाणवला नाही. आता उतरायला फक्त २जी उरले आहे. तिथे बोलणे सुरू झाले की नेट थांबते, आणि या चढउतारात काही सेकंद जातात.

सेटिंग्जमध्ये ‘सिम कार्ड व मोबाइल नेटवर्क’ उघडा. नेटवर्कचा प्रकार ‘४जी/३जी/२जी ऑटो’ ठेवा आणि त्याच पानावरचे व्होल्टीचे बटण चालू करा. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. मग कुणालाही कॉल लावून वरच्या पट्टीकडे पाहा. बोलतानाही ४जी दिसत राहिले तर काम झाले. त्याजागी ‘ई’ किंवा ‘२जी’ आले तर अजून काही अडले आहे.

बटणच दिसत नसेल तर आधी फोनचे सॉफ्टवेअर अपडेट करा. त्यानंतर सिमचा खाचा तपासा. दोन सिमच्या बऱ्याच जुन्या फोनांत ४जी एकाच खाच्यात चालते आणि दुसरा खाचा २जीपुरताच असतो. अदलाबदल केली की अनेकांचे काम तिथेच होते. एवढे करूनही व्होल्टी आले नाही तर तो फोन जिओवर नेऊ नका. जिओ २०१६ मध्ये सुरू झाली तीच फक्त ४जीवर. तिच्याकडे उतरायला २जी नाही, त्यामुळे साधा कॉलही लागणार नाही.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर (फोन लावून मोटार चालू-बंद करणारी पेटी) आहे. नेटवर्क बदलले म्हणून तो बदलावा लागेल, असे दुकानदार म्हणतो. (एक शेतकरी, सांगोला)

घाई करू नका. जुन्या स्टार्टरमध्ये बहुधा २जीचे मॉड्यूल असते, आणि ३जी गेल्याने त्याला काही होत नाही. त्यातले सिम काढून फोनमध्ये टाका, नेटवर्क ‘फक्त २जी’ करा आणि पेटीजवळ उभे राहून दोन-तीन कॉल लावा. लागले तर स्टार्टर चालेल. तरीही मोटार ऐकत नसेल तर अँटेना पाहा. ती लोखंडी पेटीच्या आत राहिली असेल तर रेंज पडते, म्हणून वायर बाहेर काढून उंच बांधा. सिमची मुदत संपून इनकमिंग बंद झाले असेल, तरी लक्षण हेच दिसते.

नवे सिम घेतलेच तर त्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट टाकू नका. स्टार्टरला बऱ्याचदा मोठ्या आकाराचे सिम लागते. पुढे कधी नवा स्टार्टर घ्याल तेव्हा ‘४जी आहे का’ एवढे विचारून भागणार नाही, कॉल व्होल्टीवर घेतो का तेही विचारा.

प्रश्न : सिम बदलल्यापासून बँकेचा ओटीपी येत नाही. (एक वाचक, चिपळूण)

सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येणे-जाणे बंद ठेवले जाते. तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी सिम काढले असेल, तर त्याला तुमचे खाते रिकामे करता येऊ नये म्हणून हा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. हप्ता भरायच्या आदल्या दिवशी मात्र सिम बदलू नका. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा कोडही मिळत नाही. जुने सिम अजून हाताशी असेल तर त्यावर साठवलेले नंबर आधी फोनमध्ये कॉपी करून घ्या. नव्या सिमवर ते आपोआप येत नाहीत.

प्रश्न : ५जीसाठी पुन्हा सिम बदलायचे का? (एक वाचक, नाशिक)

जिओ आणि एअरटेलचे ४जी सिम ५जीलाही चालते. फोन मात्र ५जीचा हवा.

प्रश्न : ‘तुमचे सिम जुने झाले, आज बंद होईल. आम्ही देतो तो २० आकडी सिम नंबर कंपनीला एसएमएस करा,’ असा फोन आला. खरा असेल का? (एक वाचक, पणजी)

नाही. तो नंबर नव्या सिमचा असतो आणि ते सिम त्या माणसाच्या हातात असते. तुम्ही एसएमएस केलात की तुमचा नंबर त्याच्या सिमवर जातो. सिम बदलायला कंपनीच्या दुकानात आधार घेऊन, सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच जावे. एसएमएस पाठवून झाला असेल आणि फोनची रेंज अचानक गेली, तर दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला कळवून खाते थांबवा, मग कंपनीला. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.