डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर

डिझेल इंजिनात ऑइल ओतलेलं नसताना डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी वाढली, म्हणजे ऑइलमध्ये काहीतरी शिरतंय: डिझेल किंवा पाणी. आधी इंजिन बंद ठेवा. 'जरा चालवून बघतो' हा मोह नकोच. डिझेलने ऑइल पातळ झालं की बेअरिंगची वाट लागते. पातळी फारच चढली तर डिझेल इंजिन तेच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं, मग किल्ली फिरवूनही थांबत नाही.

डिपस्टिकचा वास घ्या, ऑइल बोटांत चोळा. दुधाळ दिसलं तर पाणी, तो आजार वेगळा. काळंच, पण पातळ आणि डिझेलचा वास? मग टिपकागदावर एक थेंब टाकून काही तास ठेवा. डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरलं तर संशय बळावतो. खात्री हवी असेल तर नमुना लॅबला द्या.

इंजिनवर यांत्रिक लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल खेचणारा) असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. त्याचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटला की डिझेल थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागात उतरतं. मग टपकणारा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), शेवटी त्याला दाबाने डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपाचं सील. काही इंजिनांत उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाइप रॉकर कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली असतो, त्याची गळती पटकन लक्षात येत नाही. दुरुस्तीनंतर ऑइलबरोबर फिल्टरही बदला, आणि पुढच्या काही फेऱ्या डिपस्टिक बघितल्याशिवाय निघू नका.