कुत्र्याला लस दिली, तरी खोकला कसा?

घशात हाड अडकल्यासारखा ठसकतोय आणि शेवटी पांढरा फेस काढतोय ना? मग बहुतेक केनेल कफच, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला. लस आजार सौम्य करते, पुरता अडवत नाही. जंतू एकटा बोर्डेटेला हा जीवाणू नाही, पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणूही असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा गोळ्यांसाठी डॉक्टरांच्या मागं लागू नकोस. साधारण १ ते ३ आठवड्यांत उतरतो. तोवर रंकाळ्याची फेरी बंद, तिथं सगळी कुत्री नाकाला नाक लावतात. गळ्यात पट्टा नको, हार्नेस घाल. आमच्या मोत्याला पट्टा ताणला की हमखास उबळ यायची. आणि हो, आपलं खोकल्याचं औषध त्याला पाजू नकोस बाबा! खाणं सोडलं, ताप आला, धाप लागली किंवा पिल्लूच असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.