थ्रस्टचा छेद काढताना दोरा सोबत ठेव

सोलापुरात पायाखाली बेसाल्टचे जवळपास आडवे थर, त्यामुळे वळ्या (थरांच्या घड्या) आणि थ्रस्ट (दाबाने खडक एकमेकांवर सरकतात त्या भेगा) इथे नकाशावरूनच शिकावे लागतात. सुरुवातीला डेहराडूनजवळची मोहंडची वळी घे. छेद म्हणजे जमीन उभी कापल्यावर थर कसे दिसतील त्याचं चित्र; त्याची नकाशावरची छेदरेषा वळीच्या अक्षाला काटकोनात, म्हणजे ईशान्य-नैर्ऋत्य. तिरकी घेतलीस तर नती (थराचा उतार) खरी न दिसता कमी दिसेल. उभी आणि आडवी मोजपट्टी एकच ठेव; उभी ताणलीस की कोन आणि जाडी दोन्ही बिघडतात.

पिन रेषा, म्हणजे मोजणी सुरू करायची रेषा, मैदानाकडच्या न हललेल्या थरांत रोव. मग प्रत्येक थराची लांबी दोऱ्याने मोज; घड्या पडण्याआधी थर सारख्या लांबीचे होते असं धरतो, म्हणून या लांब्या जुळायला हव्यात. चादरीचं सूत ताणलं जातं, जाड शिवणदोरा बरा. १:५०,००० वर दोरा १४ सेंमी आणि सध्याची रुंदी १० सेंमी भरली, तर ७ किमीचे ५ किमी झाले. आकुंचन सुमारे २९ टक्के.

एखादाच थर लांब भरला, तर आधी वरच्या आणि खालच्या बाजूला थ्रस्टने तो कुठे कापलाय ते तपास. बहुतेक चूक तिथेच असते. जुळत नाही म्हणून मध्येच नवा थ्रस्ट घुसडू नकोस. आणि छेद जुळला तरी तो शक्य आहे एवढंच ठरतं. खरा ठरत नाही.